आंग सान जगले असते तर

माधवराव पेशवे आणखी वीस वर्षं जगले असते तर काय झालं असतं? रत्नागिरीत इतिहास शिकवत असताना हा प्रश्न दरवर्षी कोणत्या ना कोणत्या वर्गात यायचाच. सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला गेलेल्या या पेशव्याच्या मृत्यूचा घाव पानिपतापेक्षा कमी नव्हता असं इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवलं, आणि तो विचार आपल्याकडे घरोघरी मुरला. मी मुलांना या प्रश्नावरून कधी गप्प बसवलं नाही. एक अट मात्र घालायची. माणूस जगवा, पण बाकीचं काही हलवू नका. कर्ज, दुष्काळ, भाऊबंद, शत्रू सगळं होतं तिथेच राहू द्या आणि मग एकेक पाऊल पुढे टाका. तिसऱ्या-चौथ्या पावलाला मुलं अडखळायची आणि पुस्तकं उघडायची.

हीच अट घेऊन मी निवृत्तीनंतर दुसऱ्याच एका माणसाचा विचार करत आले आहे. ते म्हणजे ब्रह्मदेशाचे सेनापती आंग सान. १९ जुलै १९४७ रोजी, देशाच्या स्वातंत्र्याला साडेपाच महिने उरले असताना, रंगूनच्या सचिवालयात भर बैठकीत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वय बत्तीस.

रत्नागिरीच्या माणसाला ब्रह्मदेश परका नाही. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला पुढच्या वर्षी आमच्या गावात आणून ठेवलं. तो इथेच १९१६ मध्ये वारला. मधल्या काळात इंग्रजांनी लोकमान्यांना उलट दिशेने मंडालेच्या तुरुंगात नेलं, हे तर सगळ्यांना माहीत आहे. आंग सान यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१५ चा, नातमौक या लहानशा गावचा. म्हणजे ते पाळण्यात होते तेव्हा त्यांचा शेवटचा राजा रत्नागिरीत जिवंत होता. मंडाले पडल्यावर इंग्रजांविरुद्ध लढलेल्यांत त्यांच्या आजोळचे एक पूर्वज होते आणि इंग्रजांनी त्यांचा शिरच्छेद केला होता. आंग सान या गोष्टी ऐकत वाढले.

आमच्या घरात मात्र त्यांचं नाव प्रेमाने घेतलं जात नसे. माझे मोठे काका युद्धाआधी रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होते. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा लाखो हिंदी माणसांबरोबर तेही तामूच्या वाटेने चालत मणिपुरात उतरले. त्या वाटेवरचं त्यांनी कधी फारसं सांगितलं नाही. आंग सान म्हणजे ‘जपान्यांचा माणूस’, एवढाच त्या नावाचा अर्थ त्यांच्या लेखी होता. काका गेल्यावर मी वाचायला लागले तेव्हा कळलं की त्यात तथ्य होतं, पण ते अर्ध्या वाटेपर्यंतचंच.

१९४० मध्ये अटकेचं वॉरंट निघाल्यावर आंग सान जहाजात लपून चीनच्या आमॉय बंदराला गेले. तिथे जपान्यांनी त्यांना गाठलं. मग त्यांनी तीस तरुण जमवले आणि हायनान बेटावर जपानी अधिकाऱ्यांकडून लष्करी शिक्षण घेतलं. १९४१ च्या डिसेंबरात बँकॉकमध्ये ब्रह्मी मुक्तिसेना उभी राहिली. ‘तीस साथी’ म्हणून ब्रह्मदेशात ओळखली जाते ती हीच मंडळी. त्यांतलं दुसरं एक नाव लक्षात ठेवायला हवं, ते म्हणजे ने विन.

१९४३ मध्ये जपानने नावापुरतं स्वातंत्र्य दिलं आणि अठ्ठावीस वर्षांचे आंग सान संरक्षणमंत्री झाले. ते स्वातंत्र्य पोकळ आहे हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. २७ मार्च १९४५ रोजी त्यांची फौज जपान्यांवरच उलटली. मे महिन्यात ते मेइकटिलाला जनरल स्लिम यांना भेटायला गेले, तेही जपानी धाटणीचा गणवेश आणि कमरेला तलवार अशा थाटात. सुरक्षेची लेखी हमी नसताना आलात, मी तुम्हाला अटक करू शकतो, अशी जाणीव स्लिम यांनी करून दिली. ब्रिटिश अधिकारी असं करणार नाही, असा आंग सान यांचा रोख होता. स्लिम यांच्यावर या तरुणाची छाप पडली. नीट वागवलं असतं तर हा ब्रह्मदेशाचा स्मट्स झाला असता, असं मत त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात नोंदवलं. दक्षिण आफ्रिकेचे यान स्मट्स इंग्रजांशी लढलेले सेनापती होते आणि नंतर पंतप्रधान झाले. म्हणजे ‘हा जगला असता तर’ या विचाराचा पहिला मसुदा आंग सान यांच्याशी लढलेल्या ब्रिटिश सेनापतीनेच लिहिला.

त्यांची काळी बाजू मला झाकायची नाही. १९४२ मध्ये ठाटोन भागातल्या एका गावच्या मुखियाला त्यांनी इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून स्वतःच्या हाताने ठार केलं. त्याच्या विधवेने पुढे तक्रार केली. आंग सान यांनी कृत्य नाकारलं नाही. त्याच वर्षी इरावतीच्या मुखप्रदेशात, म्यौंगम्या भागात, त्यांच्या मुक्तिसेनेतल्या लोकांनी करेन जमातीच्या गावांवर अत्याचार केले. करेन लोक ते विसरले नाहीत. आंग सान यांनी नंतर करेन अधिकाऱ्यांना सैन्यात मानाने घेतलं, गावोगाव फिरून समजूत घालण्याचा प्रयत्न केला, पण रक्ताचा हिशेब राहिलाच.

माझ्या मते त्यांच्या आयुष्याचा कळीचा क्षण रणांगणावरचा नाही. तो सप्टेंबर १९४५ मधला, सिलोनमधल्या कँडीचा आहे. तिथे माउंटबॅटन यांच्याशी बोलणी झाली. ब्रह्मी फौजेतले सुमारे पाच हजार शिपाई आणि दोनशे अधिकारी नव्या सैन्यात घ्यायचे ठरलं. आंग सान यांना ब्रिगेडियरचा हुद्दा देऊ केला गेला. त्यांनी तो नाकारला, गणवेश उतरवला आणि राजकारणात गेले. ने विन सैन्यात राहिले. सैन्यात न सामावलेल्या हजारो तरुणांना आंग सान यांनी स्वयंसेवक दलात बांधलं. या तरुणांकडे शिस्त होती आणि बंदुकाही होत्या. त्यांची निष्ठा मात्र पक्षावर किंवा सरकारवर नव्हती, ती एका माणसावर होती.

पुढची जवळपास दोन वर्षं विलक्षण वेगाची आहेत. जानेवारी १९४७ मध्ये लंडनला जाताना ते दिल्लीत थांबले. त्यांचा पातळ सुती गणवेश पाहून नेहरूंनी घाईघाईने लोकरीचे कपडे शिवून घेतले आणि एक लष्करी ओव्हरकोट मिळवून दिला. लंडनच्या छायाचित्रांत तो घोळदार कोट दिसतो. २७ जानेवारीला ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांच्याबरोबर करार झाला आणि वर्षभरात स्वातंत्र्याची वाट मोकळी झाली. परतल्यावर ते थेट शान डोंगराळ प्रदेशातल्या पांगलाँगला गेले. १२ फेब्रुवारीला शान, काचिन आणि चिन प्रतिनिधींबरोबर त्यांनी एका कागदावर सह्या केल्या. सरहद्दीच्या प्रदेशांना अंतर्गत कारभारात पूर्ण स्वायत्तता तत्त्वतः मान्य, असं त्यात लिहिलं आहे. करेन मंडळी तिथे केवळ निरीक्षक म्हणून आली होती. एप्रिलच्या निवडणुकीवर त्यांच्या मुख्य संघटनेने बहिष्कार टाकला.

मग १९ जुलै. त्याआधी काही दिवस शस्त्रागारातून दोनशे ब्रेन गन बनावट कागदांवर नेल्या गेल्या होत्या. तरीही सचिवालयाच्या दारात पुरेसा पहारा नव्हता. सकाळी साडेदहाच्या सुमारास लष्करी गणवेशातली माणसं जीपमधून आली, जिना चढली आणि बैठकीच्या खोलीत गोळ्यांचा वर्षाव करून निघून गेली. कटामागे जुने पंतप्रधान ऊ सॉ होते. पुढच्या वर्षी इन्सिनच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांना शस्त्रं पुरवल्याबद्दल एका ब्रिटिश अधिकाऱ्यालाही शिक्षा झाली.

आता माझी अट लावून पाहू. आंग सान त्या खोलीतून जिवंत बाहेर आले असं धरू. मुलांना सांगायचे तसं बाकी काही हलवायचं नाही.

४ जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्य मिळतंच. पंतप्रधान ऊ नू यांच्याऐवजी आंग सान. ब्रह्मदेश राष्ट्रकुलाबाहेरच राहतो, कारण सार्वभौम प्रजासत्ताकाचा ठराव आंग सान हयात असतानाच त्यांच्या नेतृत्वाखालच्या राजकीय आघाडीने केला होता. प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहण्याची युक्ती भारतासाठी निघाली ती एप्रिल १९४९ मध्ये. इथे त्यांच्या असण्याने काही फरक पडत नाही.

मार्च १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी बंड केलं. त्यांचे नेते थान टुन हे आंग सान यांचे साडू. घरातलं नातं होतं म्हणून बंड टळलं असतं, असं म्हणायचा मोह होतो. पण कम्युनिस्टांना आघाडीतून बाहेर काढलं ते १९४६ मध्ये, आंग सान नेते असतानाच. मला वाटतं, बंड झालंच असतं.

तिसरं पाऊल स्वयंसेवक दलाचं. इथे मी थांबते, कारण फरक इथेच पडतो. आंग सान गेल्यावर ते दल फुटलं आणि १९४८ च्या जुलैत त्याचा मोठा भाग सरकारविरुद्ध जंगलात गेला. पाठोपाठ सैन्याच्या काही ब्रह्मी पलटणी गेल्या, ‘तीस साथीं’पैकी बो झेया यांच्यासारखे अधिकारी कम्युनिस्टांना मिळाले. सरकारकडे भरवशाचे उरले ते करेन आणि काचिन शिपाईच, आणि सुरुवातीचे काही महिने त्यांनीच रंगूनला वाचवलं. ऊ नू यांच्या सरकारने संख्या भरून काढायला गावोगाव घाईने सशस्त्र पथकं उभी केली. त्या पथकांना ना शिस्त होती, ना करेनांबद्दल सद्भावना. १९४८ च्या नाताळात दक्षिणेच्या पलॉ भागात चर्चमध्ये जमलेले करेन मारले गेले. जानेवारी संपता संपता करेनांनी शस्त्र उचललं आणि रंगूनच्या वेशीवरच्या इन्सिनला तीन महिन्यांवर लढाई चालली. देशाचे सरसेनापती तेव्हा स्मिथ डन होते. ते स्वतः करेन होते आणि सरकारशी निष्ठावान होते. तरीही त्यांना बाजूला केलं गेलं, आणि १ फेब्रुवारी १९४९ ला त्यांच्या जागी आले ने विन.

ही साखळी उलट्या दिशेने मोजून पाहा. ने विन सरसेनापती झाले करेन युद्धामुळे. युद्ध पेटलं ते बेशिस्त पथकांमुळे. पथकं लागली कारण स्वयंसेवक दलाचा मोठा भाग आणि फौजेच्या काही पलटणी निघून गेल्या होत्या. आणि ते दल एकाच माणसाचं ऐकत होतं. आंग सान असते तर त्या तरुणांतले सगळे नाही तरी बरेच थांबले असते, असं मानायला भक्कम आधार आहे. करेनांचं भांडण मात्र मिटलं असतं असं मी म्हणणार नाही. त्यांचा बहिष्कार आंग सान यांच्या हयातीतच सुरू झाला होता. पण भांडण असणं आणि राजधानीच्या वेशीवर तोफा लागणं यात फार अंतर आहे.

एक आक्षेप मी स्वतःच घेते. १९४९ मध्ये चीनमध्ये माओ जिंकले आणि चँग कै शेक यांचे पराभूत सैनिक शान प्रदेशात घुसले. ते कोणाच्या शब्दाने थांबणारे नव्हते. त्यांच्याशी लढायला ब्रह्मी लष्कर वाढलंच असतं, शान गावांत छावण्या पडल्याच असत्या आणि लष्कराची सवय लागलीच असती. ब्रह्मदेशाच्या दुर्दशेतला हा भाग एका खुनाच्या माथी मारता येत नाही.

आणखी एक शंका आहे, ती अधिक अवघड. आंग सान स्वतः हुकूमशहा झाले नसते कशावरून? जपानमध्ये असताना त्यांच्या नावावर तयार झालेल्या एका आराखड्यात एकच पक्ष आणि एकच नेता हवा असा सूर आहे. त्यांनी तो कितपत मनापासून लिहिला यावर वाद आहे. या शंकेला माझं उत्तर एवढंच, की ब्रह्मदेशात हा प्रयोग खरोखर झाला आहे. त्याच तीस जणांतला दुसरा एक सेनापती शांततेच्या काळात जगलाच. हायनानचं शिक्षण तेच, जपानी धडे तेच, २७ मार्चचं बंडही तेच. ने विन २००२ पर्यंत जगले. १९६२ च्या २ मार्चला त्यांनी सत्ता घेतली. त्याच वर्षीच्या जुलैत विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या आणि विद्यार्थी संघाची इमारत सुरुंग लावून उडवली. ज्या विद्यार्थी चळवळीतून आंग सान घडले, तिचं ते घर होतं. दोघांतला दिसणारा फरक कँडीतला आहे. एकाने हुद्दा नाकारून मतं मागायला बाहेर पडणं पत्करलं, दुसरा सैन्यातच राहिला. आंग सान देवमाणूस नव्हते, पण निवडणूक लढवणं, विरोधकाशी टेबलावर बसणं आणि लिहून देणं हे त्यांनी १९४५ ते १९४७ मध्ये करून दाखवलं होतं. मी अटकळ बांधते ती त्या दोन वर्षांवरून.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. ‘आंग सान जगले असते तर’ म्हणताना आपण एकाच माणसाला उठवतो. त्या सकाळच्या गोळीबारात नऊ जण गेले. मान बा खाइंग करेन होते. साओ साम टुन हे शान प्रदेशातल्या माँगपाँगचे राजे होते, ते दुसऱ्या दिवशी गेले. अब्दुल रझाक मंडालेचे मुसलमान पुढारी आणि शिक्षणमंत्री होते. बा चो पत्रकार, ठाकिन म्या ज्येष्ठ नेते, बा विन हे आंग सान यांचे थोरले बंधू. ओन मौंग नावाचा अधिकारी कागद घेऊन खोलीत आला होता. रझाक यांचा तरुण अंगरक्षक को ट्वे दारातच पडला. ब्रह्मदेशात ज्या ज्या समाजाला आपण परके आहोत असं पुढे वाटलं, त्यांतल्या कितीजणांची माणसं त्या टेबलाभोवती बसली होती ते पाहा. म्हणून माझी अट इथे पुरेशी ठरत नाही. एकट्या सेनापतीला जगवलं तर पांगलाँगचा शब्द त्याच्या एकट्याच्या खांद्यावर येतो. तो शब्द टिकायचा तर ते टेबल टिकायला हवं होतं.

कारण पुढे काय झालं ते या माणसांच्या समाजांवरच गुदरलं. पांगलाँगच्या सभेचे अध्यक्ष साओ श्वे थाइक ब्रह्मदेशाचे पहिले राष्ट्रपती झाले. १९६२ च्या लष्करी उठावाच्या रात्री त्यांच्या घरावर गोळीबार झाला, त्यात त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा गेला, आणि ते स्वतः त्याच वर्षी तुरुंगात वारले. आंग सान धर्म आणि राज्यकारभार वेगळे ठेवायचं म्हणत. १९६१ मध्ये ऊ नू यांनी बौद्ध धर्माला राज्यधर्म केलं. ख्रिस्ती काचिनांमधला असंतोष त्याने भडकला, आणि त्यांची सशस्त्र सेना त्याच वर्षी उभी राहिली होती. १९६४ पासून ने विन यांनी दुकानं आणि धंदे सरकारजमा केले. सुमारे तीन लाख हिंदी माणसं हातात काही न घेता परतली. त्यांतली काही कुटुंबं मुंबईच्या बंदरातही उतरली असतील. माझे काका त्या बातम्या वाचून दिवसभर कोणाशी बोलले नव्हते.

आंग सान १९६२ मध्ये सत्तेचाळीस वर्षांचे असते. १९८८ मध्ये, रंगूनच्या रस्त्यांवर विद्यार्थी पुन्हा उतरले तेव्हा, त्र्याहत्तरचे. त्यांची मुलगी स्यू की त्यांच्या मृत्यूवेळी दोन वर्षांची होती. ती त्या वर्षी राजकारणात आली ती वडिलांचं नाव घेऊनच. वडील असते तर तिला यावं लागलं असतं का, हे मला सांगता येणार नाही, आणि तिच्याबद्दलची अटकळ मी बांधत नाही.

मला विचाराल तर माझा निवाडा असा आहे. आंग सान जगले असते तरी ब्रह्मदेशात बंडाळी झाली असती, चिनी सैनिक घुसले असते, करेन रुसलेलेच राहिले असते. मात्र १९४९ च्या फेब्रुवारीत ने विन यांच्या हाती सैन्य गेलं नसतं, आणि त्या नऊ जणांपैकी पाच-सहा जण बरोबर असते तर पांगलाँगच्या कागदाला निदान दहा वर्षं बोलणारी तोंडं मिळाली असती. तेवढ्याने देश बदलला असता असं मला वाटतं.

१२ फेब्रुवारी हा दिवस ब्रह्मदेशात आजही संघदिन म्हणून पाळतात, सरकारी सुट्टी असते. त्या दिवशी सह्या झालेल्या कागदातलं पाचवं कलम, सरहद्दीच्या प्रदेशांना पूर्ण अंतर्गत स्वायत्तता देणारं, अजून अमलात आलेलं नाही.